निंबाखालची हाक

वैशाख सरत आला की माझं कामात लक्ष लागत नाही. वाशीमला मी ज्या औषधाच्या दुकानात काम करते, त्याच्या समोर कुठल्याशा क्लासच्या जाहिरातीचा फ्लेक्स बांधलेला आहे. दुपार कलली की तो आधी नुसता थरथरतो, मग फटफट वाजायला लागतो. गिऱ्हाईक तापाच्या गोळ्या मागत असतं आणि माझा डोळा त्या फ्लेक्सवर. रिसोडच्या बाजूचं आभाळ तांबूस दिसलं की मी आईला फोन लावते. वारा सुटला का, एवढंच विचारते. सुटला, एवढंच ती सांगते. दोघींच्या मनात तेव्हा एकच झाड हलत असतं.

आमच्याकडे या वाऱ्याला वावधन म्हणतात. पाऊस अजून लांब असतो. वावरं नांगरून-वखरून मोकळी पडलेली असतात आणि त्या उघड्या मातीवरून हे वावधन गावात शिरतं. छपराच्या टिनांवर दगड ठेवा नाहीतर टायर ठेवा, त्याला सारखंच. वाळत घातलेल्या कुरडया बायका पदरात भरून आत पळवतात, शेळ्या भिंतीला चिकटतात, लाइट जाते. बाकी लोक या दिवसांत आंब्याची वाट बघतात. मी हे दिवस कधी एकदा संपतात याची वाट बघते, आणि आंबा नीट चाखायचाही राहून जातो.

रिसोडला आमच्या अंगणात कडूनिंब आहे. बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांनी ही जागा घेतली तेव्हा झाड होतंच. घर झाडाच्या सोयीनं बांधलं गेलं. आमची न्हाणी तिरकी आहे, कारण सरळ बांधली असती तर एक जाड मुळी तोडावी लागली असती. पाहुणे न्हाणीला हसतात आणि मग उन्हाच्या वेळी निंबाखालून हलायचं नाव घेत नाहीत. चैतात मोहर झडतो तेव्हा अंगणभर बारीक पांढरा सडा पडतो, त्याचा वास उशीला लागतो, चहाच्या कपात एखादं फूल तरंगतं. बाबांची बाज कायम झाडाच्या बुडाशी. रिटायर झाल्यापासून त्या बाजेवर बसून ते सगळ्या गल्लीचा कारभार बघतात. रस्त्यानं कोणी जाताना दिसलं की जुन्या सवयीनं विचारतात, "कुठी?" आणि समोरचाही मुकाट्यानं खरं ठिकाण सांगून टाकतो.

बाबांचं नाव मारोती. हे मी लिहू शकते, गल्ली म्हणू शकते, फक्त आई म्हणू शकत नाही. लग्न झाल्यापासून तिनं ते नाव उखाण्याशिवाय कधी घेतलेलं नाही. त्यात नाव पडलं देवाचं, म्हणजे पंचाईत दुप्पट. मारोतीच्या देवळाला ती बजरंगबलीचं देऊळ म्हणते. आमच्या भाजीवाल्याचं नावही मारोती आहे, तर त्याला ती 'देवाच्या नावाचे भाऊ' म्हणते आणि तोही बिचारा ओ देतो. बाबांना हाक मारायची तर तिच्याकडे एकच शब्द : अवो. चहा झाला, पाहुणे आले, सिलिंडर संपलं, कुत्रं घरात शिरलं, सगळं त्या एका 'अवो'त मावतं आणि नुसत्या सुरावरून बाबांना कळतं. मी माझ्या नवऱ्याला नावानं हाक मारते, तीही एकेरी. आईनं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या हातातली पळी वरच्या वर थांबली होती. आणि जावयाला त्या दिवशी तूप जरा जास्तच वाढलं गेलं.

झाडाच्या रस्त्याकडच्या बाजूनं विजेच्या तारा जातात. दर उन्हाळ्यात तिकडच्या फांद्या तोडाव्याच लागायच्या. घराकडच्या बाजूला मात्र आम्ही कोणाला हात लावू दिला नाही, कारण सावली तिथं हवी होती. अशानं झाड एकीकडून हलकं आणि एकीकडून जड होत गेलं. आम्हाला मात्र वाटायचं, आपण त्याला किती जपतो. दिवाळीला बुडाला गेरू लावायचा, वर चुन्याचा पट्टा ओढायचा, हळद-कुंकू वाहायचं. झाड रंगवलं की झाड सांभाळलं, अशी आमची साधी समजूत. आणि मग मागे एका वैशाखात, रात्रभर वावधन घुमून गेल्यावर सकाळी आईला शेजाऱ्यांच्या टिनावर झुकलेल्या फांदीच्या बेचक्यात चीर दिसली. बोट जाईल एवढी चीर होती. वारा आला की ती किंचित उघडायची आणि मिटायची. त्या टिनाखाली शेजारची माणसं झोपत होती.

आई म्हणाली, झाडच काढून टाका. बाबा म्हणाले, मग मलाही काढ. दोन दिवस घरात भाजी-भाकरीखेरीज दुसरा विषय निघाला की तोंडं वाकडी. शेवटी मधला मार्ग म्हणून, फक्त ती फांदी काढायला, सखाराम आणि सुभद्रेला बोलावणं गेलं.

हे नवरा-बायको मानोऱ्याकडच्या एका वस्तीवरचे. हिवाळाभर ऊसतोडीला बाहेर असतात. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. आणि मला वाटतं, ते दोघं गावी परतल्यावरही एकच कोयता राहतात. परत आले की पेरणी लागेपर्यंत झाडांची कामं घेतात. घरांच्या दाटीत झाड पाडायला जागाच नसते. तिथं फांदी दोरानं बांधून, वरून हळूहळू उतरवावी लागते. सखाराम वर चढतो आणि सुभद्रा खाली दोर धरते. आमच्या भागात दोर धरणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदाच बघितली. बाबांनाही ते पटलं नव्हतं, पण सुभद्रेच्या मनगटांकडे बघून ते काही बोलले नाहीत.

आल्या आल्या तिनं खोडावरून दोन्ही हात फिरवले आणि विचारलं, यात कोणी खिळे ठोकलेत का? खिळ्याला लाकूड कापायच्या मशीनची साखळी लागली तर ती तुटून अंगावर येते. मग आमच्या घरात कबुलीजबाब सुरू झाले. कपड्याच्या तारेचा खिळा आईचा. माझ्या लग्नाच्या मांडवाचा बाबांचा. मतदानाच्या वेळी टांगलेल्या बॅनरचा, तो कोणाचाच नाही. कपड्याची जुनी तार तर झाडानं गिळूनच टाकली होती. एका बाजूनं आत गेलेली दिसायची, दुसऱ्या बाजूनं बाहेर आलेली, आणि मधल्या तारेवरून लाकूड कधी फिरलं ते आम्हा कोणाला कळलंही नव्हतं. "त्याले बोलता येत नाई नं," सुभद्रा म्हणाली, "म्हनून सारेच ठोकते." मला ते वाक्य लागलं, का कोण जाणे, झाडाच्या वतीनं नाही, आईच्या वतीनं लागलं.

त्यांची कामाची रीत अशी. सखाराम आधी फांदीला दोर बांधणार. मग मशीननं खालून चीर देणार, म्हणजे फांदी जाताना खोडाची साल ओरबाडून नेत नाही. मग वरून कापत आणणार, थोडंसं राखणार आणि मशीन बंद करणार. पानांच्या गर्दीतून त्याला खालचं काही दिसत नाही. तो कुऱ्हाड हातात घेऊन थांबतो. खाली सुभद्रा दोराचे वेढे खोडाला घालते, ताण बघते, खाली कोणी आहे का बघते आणि मगच हाक देते. ती हाक आली की तो राखलेल्या लाकडावर घाव घालतो. नवऱ्याचं नाव सुभद्राही घेत नाही. तिची हाक एकच : अवो.

आता इथून पुढचं मी कितीही वेळा आठवलं तरी मला मध्ये थांबता येत नाही. वरून भुसा उडत होता आणि बाबांच्या बाजेवर पडत होता. मशीन बंद झालं तशी गल्ली एकदम शांत झाली. सुभद्रेनं एक वेढा घातला होता आणि दुसऱ्यासाठी वाकून ती दोराची गाठ सोडवत होती. बाबांना त्या शांततेत वाटलं, काम झालं. ते बाज ओढायला सरळ फांदीखाली गेले. ओसरीवरून आईनं ते बघितलं. तिला म्हणायचं होतं, अवो, तिकडून सरका. पण माणूस सुरुवातीच्या शब्दापासूनच सुरुवात करतो. 'अवो' एवढंच पुरतं बाहेर पडलं, कारण तोवर वरून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले.

फांदी मोडल्याचा आवाज मी अजून कशाला जोडू शकलेले नाही. दोर सुभद्रेच्या हातांतून सळसळत गेला. तिनं तो सोडला नाही. फांदी शेजारच्या टिनावर जायच्या ऐवजी हेलकावा खाऊन आमच्याकडे आली आणि बाबांच्या खांद्यावर आदळून त्यांच्यासकट बाजेवर बसली. बाजेची चौकट मोडली. बाजेनं मार खाल्ला म्हणून बाबा वाचले, असं नंतर सगळे म्हणाले.

सखाराम कसा खाली आला ते मी बघितलं नाही. तो समोर उभा होता आणि बायकोला विचारत होता, "तूनं बोलावलं नं?"

"मी नाई बोलावलं," सुभद्रा म्हणाली.

मग ते दोघं आईकडे वळून बघायला लागले. आई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तिला काय झालं ते कळायला वेळ लागला आणि कळलं ते तिच्या तोंडावर मला दिसलं. ते मी बघायला नको होतं.

बाबांची हसळी, गळ्याखालचं हाड, मोडली होती. सुभद्रेचे तळहात सोलून निघाले होते. दवाखान्यात बाबांना नेऊन आणल्यावर मी तिच्या हातांना पट्ट्या बांधत होते, तर ती म्हणाली, अजून खोडाचं राहिलं. त्या पट्टीच्या हातांनी तिनं शेण आणि माती कालवून फांदी तुटली तिथं लेप दिला. मी रागावले तिच्यावर. मला कोणावर तरी रागवायचंच होतं आणि आईवर रागावता येत नव्हतं.

त्यानंतर कितीतरी महिने आईनं 'अवो' म्हटलं नाही. हाक मारायची तर ती स्टीलच्या ताटावर चमचा वाजवायची. बाबा गळ्यात पट्टा अडकवून बसलेले, तशातही म्हणायचे, चला, घरात बी घंटी आली, एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल. आई हसायची नाही. हळूहळू, पुढच्या दिवाळीच्या आसपास, कधीतरी 'अवो' परत आलं. पण ज्या हातानं बाबांनी जन्मभर घंटीची दोरी ओढली, तो हात अजून खांद्याच्या वर जात नाही. सदरा घालताना आई ती बाही धरते आणि दुसरीकडे बघते.

माहेरी गेले की मी पहिल्यांदा त्या तुटलेल्या जागेकडे बघते. काठाकाठानं साल वळून येत चालली आहे. दर वर्षी ते भोक थोडं लहान होतं. एक दिवस ते मिटेलही. पण लाकडाला आतून सगळं ठाऊक असतं, तारेसारखं, खिळ्यांसारखं. माणसांच्या घरातही असंच असावं. वरून घर नांदतं, सणवार होतात, जावई येतात, आणि आत कुठंतरी एक चमचा ताटावर वाजत राहतो.

या वर्षी फोन माझ्याआधी आईनं केला. तिनं 'ये' म्हटलं आणि ठेवून दिला. मी दुकानात सांगून मिळेल त्या जीपनं रिसोड गाठलं. दुसऱ्या बाजूची फांदी, ओसरीवरची, वावधनानं पिळवटून टाकली होती. साल उकलून आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. ओसरीत बाबा झोपतात. आणि मी पोचले तेव्हा ते कुठं होते? निंबाखाली, नव्या बाजेवर. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी अर्धं ऐकलं, अर्धं ऐकू आलं नाही, कारण अलीकडे त्यांना कमीच ऐकू येतं आणि जास्त करून आमचंच येत नाही. आई म्हणाली, या खेपेला झाड तरी राहील नाहीतर मी, मी जाते माझ्या भावाकडे. बाबा गंभीर झाले. मग म्हणाले, "सखारामले बोलाव."

मला वाटलं होतं, ते दोघं येणार नाहीत. आले. सुभद्रेच्या तळहातांवर गुळगुळीत पट्टे राहिलेत. तिनं आईच्या पाया पडायला वाकावं आणि आईनं तिचे हात धरून उलटे करून बघावे, असं ते झालं. मग सुभद्रेनं खोडावर हात फिरवला, नवे खिळे विचारले. नव्हते.

बाबांना वाटलं होतं, या वेळी हाकेऐवजी त्यांची एसटीतली जुनी शिट्टी कामाला येईल. सखारामनं मान हलवली. म्हणाला, "इतक्या वर्साची सवय हाय, काका. हात आधी आयकते, डोकं मांगून आयकते." त्याच्या हातांना एकच हाक माहीत होती. तेव्हा बदल करायचा तर आमच्या बाजूनं. सुभद्रेनं अट घातली की काम होईपर्यंत या अंगणात दुसऱ्या कोणत्याही बाईनं अवो म्हणायचं नाही. आईनं लगेच कबूल केलं, मी बोलणारच नाही म्हणाली. सुभद्रा म्हणाली, तसं नाही चालत, भ्यायलेल्या माणसाचं तोंड बंद राहत नाही, तोंडात दुसरा शब्द तयार पाहिजे. "काकाले नावानं बोलावजा."

आई लाजली. त्या टांगलेल्या फांदीखाली, एवढ्या भीतीत, नातवंडांची आजी झालेली माझी आई खरोखर लाजली. मी म्हटलं, आई, म्हणून तर बघ. तिनं पदर सारखा केला, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि घाईघाईनं म्हणाली, "निंबाच्या झाडाले हिरव्या निंबोळ्या, मारोतरावाले आवडते तुपातल्या पोळ्या."

सुभद्रा हसत सुटली. म्हणाली, "बाई, तुमचा उखाना सरेपर्यंत फांदी खाली यीन." आईही हसली. कितीतरी वर्षांनी त्या झाडाखाली कोणीतरी हसलं होतं. पण नुसतं नाव, उखाण्याशिवाय, तिच्या तोंडून काही निघालं नाही. मी तिचा हात धरला आणि ठरवलं की हाक मारायची वेळ आलीच तर मीच 'बाबा' म्हणून ओरडेन.

बाबांना आम्ही ओसरीतून काढून अंगणाच्या टोकाला, फाटकाजवळ खुर्चीवर बसवलं. सखाराम चढला. मशीन सुरू झालं. हिरवी पानं आणि कोवळ्या निंबोळ्या टपटप पडायला लागल्या, कडू वास अंगणभर झाला. मला तो वास एरवी आवडतो. त्या वेळी मी नाक दाबून धरलं. खालून चीर झाली. वरून काप झाला. मशीन बंद झालं आणि मागच्यासारखीच सगळी गल्ली शांत झाली.

सुभद्रेनं पहिला वेढा घातला. दोर ताणला. वर कुऱ्हाड उचललेली असणार, आम्हाला दिसत नव्हती. आणि फाटकातून शेजारची शेळी आत शिरली, पडलेल्या निंबाच्या पाल्यावर नेमकी फांदीच्या खाली. एरवीही ती आली की बाबा तिला हाकलतात. आताही उठले. चांगला हात पुढे करून, हुड हुड करत ते तिच्यामागे सरळ त्या जागेवर गेले. सुभद्रेची नजर वर होती, दोरावर. मी तोंड उघडलं. माझा आवाज आलाच नाही.

माझा हात सोडून आई पुढे झाली.

"मारोती."

मोठ्यानं, स्वच्छ, एकेरी, जसं मी माझ्या नवऱ्याला म्हणते तसं. वर काही हललं नाही. घाव पडला नाही. सुभद्रेनं दोर छातीशी आवळून धरला. बाबा जागच्या जागी थांबले आणि मागं वळून आईकडे बघायला लागले. मी आणि त्यांनी दोघांनीही कधी न ऐकलेलं काहीतरी ऐकलं होतं. मग ते तिच्याकडे चालायला लागले, शेळी तिथंच सोडून, आणि फांदीच्या सावलीतून बाहेर आले. मी धावत जाऊन शेळीला ओढलं. सुभद्रेनं दुसरा वेढा घातला, खाली बघितलं, चहूकडे बघितलं, मग हाक दिली. फांदी दोरानं हळूहळू उतरली आणि अंगणात पाठ टेकल्यासारखी पडली.

शेळी पुन्हा आली आणि पाला खायला लागली. तिला कोणी हाकललं नाही. आई ओसरीच्या पायरीवर बसली होती. बाबा तिच्या शेजारी बसले. सगळ्या गल्लीसमोर त्या दोघांना असं जवळ बसलेलं मी कधी बघितलेलं नाही.

"काहून वं," बाबा म्हणाले, "देवाले बोलावलं का मले?"

आईनं पदरानं तोंड पुसलं.

"जो आधी आयकन त्याले."